कुरडयांच्या दिवशी सुटलेलं वावधन

वरवट बकालला आमचं टिनाचं घर. मे महिना होता. कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक मी अंगणातल्या लोखंडी चुलीवर घोटत होते, सून चुलीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या सारत होती. चीक अर्धाकच्चा सोडला की गाठी होतात, मग सगळी मेहनत वाया. आणि नेमकं तेव्हाच आभाळ धुळीनं लालभडक झालं, वादळ येणार होतं.

सुनेच्या फोनवर मेसेज आला. "आई, वावधन येऊन राह्यलं. घरात राहा, दारं-खिडक्या लावा, असं लिवलं हाये."

"मंग चीक?"

"आत घेऊ ना."

मलाही ते बरोबरच वाटलं, काय सांगू तुम्हाला. आधी पातेलं नेलं, मग फडक्यांनी धरून पेटती चूल. दार लावलं, खिडकी लावली, फटीत जुनं लुगडं कोंबलं. धुळीचा कण आत येईना, म्हणून मी खूष.

आमच्या ह्यांना दमा. ते खाटेवर बसले होते. थोड्या वेळानं त्यांची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. "धूर," एवढंच म्हणाले.

खिडकी उघडली तर धुळीचा लोट तोंडावर आला, वर टिनं उचलायला लागली. लावली. धूर कोंडला. पुन्हा उघडली.

"आई, एक काईतरी ठरवा ना," सून म्हणाली.

काय ठरवू? मेसेजमध्ये धुराचं काही लिहिलंय का, असं मी तिलाच विचारलं. नव्हतं. तांब्याभर पाणी चुलीत ओतलं, तर धूर असा उसळला की आम्ही एकमेकींना दिसेनाशा झालो. आणि खरं सांगते, त्यातही माझा एक हात चीक घोटण्यावरच होता. का, ते मला आजही कळत नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं शेजारची भाबी आली, ओढणी तोंडाला गुंडाळून. टिनांच्या फटीतून धूर निघताना तिनं पाहिला होता.

"चुलीले मिठी मारून बसल्या का दोघी? दादाले आमच्याकडं आणा. आमच्यावर सिमिटाचं छत हाये, न् धूर बी नाही."

"पण बाहेर धूळ हाये ना वं."

"चार पावलं हायेत. ओला रुमाल धरा त्याईच्या तोंडावर."

मी आणि भाबीनं बगलेत धरून त्यांना तिच्या घरी नेलं. सुनेनं आठवून खुंटीवरच्या सदऱ्यातून दम्याचा पंप आणून दिला. त्यांनी दोनदा ओढला. बराच वेळ काही फरक दिसेना. मग शिट्टी जराशी बारीक झाली, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

पाण्याचे टपोरे थेंब पडले, धूळ बसली. सून घरी जाऊन दारं उघडून आली.

"धूर गेला का?" मी विचारलं.

"मले तं वास येऊनच राह्यला. का माह्या अंगावरच्या लुगड्याचा हाये, समजत नाही."

मलाही समजेना. मग आम्ही भाबीच्या घरातून कुठंच गेलो नाही. भिंतीला टेकून ते बसल्या बसल्या झोपले, आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून तिथंच बसून राहिले.