मासळी बाजारातला दुभाषा

कोट घालून मासळी बाजारात जायचं नसतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. तेही एप्रिलमध्ये, मालवणात, सकाळी साडेनऊला. कोट लग्नातला होता. पोटावर त्याचं बटण लागत नव्हतं म्हणून तो उघडाच ठेवला होता, आणि तसा तो परदेशी प्राध्यापकांसारखा दिसतो अशी माझी समजूत होती. निघताना बायकोने विचारलंच, ‘‘मासे हाडूक चललास काय माशांचा लगीन लावूक?’’ ज्यांच्यासाठी हा थाट केला ते दोघे प्राध्यापक अर्ध्या चड्डीत आणि रबरी चपलांत आले. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या बाहीत बर्फाचं पाणी शिरलं आणि एका मासेवालीने, मास्तरानु, वकिली कधी सुरू केलास, असं विचारून घेतलं.

हे पाहुणे आमच्या कॉलेजचे. मी इथल्या एका लहान कॉलेजात कॉमर्स शिकवतो. युरोपातल्या एका थंड देशातलं कॉलेज आणि आम्ही मिळून दुकानदारीचा, कागदावर रिटेल मॅनेजमेंटचा, एक कोर्स चालवत होतो. अर्धे तास आम्ही घ्यायचो, अर्धे ते पडद्यावरून. आमच्या इंटरनेटच्या कृपेने त्यांचे प्राध्यापक मधूनच तोंड उघडं ठेवून थांबायचे, तेवढ्यात मुलं वही पुरी करून घ्यायची. पण मुलं येत होती ती वेगळ्याच आशेने. दर वर्षी एकाला सहा महिने तिकडे जाऊन शिकता यायचं, त्यांच्या सहकारी दुकानांत काम करता यायचं, आणि खर्च सगळा त्यांचा.

यंदा नंबर लागला होता आमच्या नेहमीच्या मासेवालीच्या मुलीचा. मुलगी हुशार. वर्गात मी चुकलो की मान खाली घालून हसायची, इतकी हुशार. तिच्या आईने पासपोर्ट करून आणला होता आणि कपाटात कागदाला कसर लागते म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता. रोज तांदूळ काढताना तो दिसायचा, असं तीच आम्हाला सांगायची.

पण दोन कॉलेजांमधला करार संपत आला होता. तो वाढला तरच मुलीचं जाणं होणार होतं. वाढवायचा की नाही ते ठरवायला हे दोघे आले होते, एक बाई आणि एक गृहस्थ. इथली लहान दुकानदारी कशी चालते ते त्यांना स्वतः बघायचं होतं. आधी त्यांना मी दोन किराणा दुकानं दाखवली, मग बाजारात आणलं आणि साहजिकच आमच्या मासेवालीपुढे उभं केलं. तिची मुलगी त्या वेळी कॉलेजच्या दारात पाहुण्यांसाठी रांगोळी काढत होती. दुभाषा मी एकटाच.

बाईंनी भाव कसा ठरतो ते विचारलं, गिऱ्हाईक बांधून कसं ठेवता ते विचारलं. तिथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी या धंद्याचं काय झालेलं असेल असं वाटतं?

मासेवालीने हातातला बांगडा खाली ठेवला.

‘‘पाच वर्सा खंय, मास्तरानु? माझा झाला म्हणजे ह्यो धंदो संपलो. हाटेलवाले थेट होडयेरसून घेतत, बर्फाचे ट्रक थेट गोव्याक जातत. माझ्याकडे येतत ते तुमच्यासारखे, म्हातारे होवक इल्ले. रोज अर्धी पाटी घराक परत नेतंय. चेडवाक मी ह्या पाटयेक हात लावक दिवचंय नाय. म्हणान तर तुमच्या कोर्साक घातलंय. सांगा ह्यांका, तिका घेवन जावा म्हणान.’’

दोघे पाहुणे माझ्याकडे बघत होते. बाईंच्या हातात वही होती.

मी इंग्रजीत सांगितलं की हा धंदा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पर्यटक वाढल्यामुळे मागणी चांगली आहे. मुलगी आता नव्या पद्धतीने शिकतेय, तीच पुढे चालवणार, आणि आई तुमची फार आभारी आहे.

हे मी का केलं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे तयार होतं. आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा गळकं छप्पर कोणी दाखवत नाही. दारात आलेल्या माणसाने ‘बरा मा?’ म्हणून विचारलं तर घरात कोणी आजारी असलं तरी ‘सगळा बरा’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करायचा, ही आमची रीत. मला वाटलं, करार म्हणजे सोयरीकच. बुडत्या घरात कोण सोयरीक करील? प्राचार्यांनीही, सगळं चांगलंच दाखवा, असं बजावलं होतं. मी तर चांगल्याहून चांगलं दाखवलं. मासेवालीने विचारलं, सांगितलास? मी म्हटलं, सांगितलं. तिने त्या दोघांना हात जोडले. त्यांनीही जोडले. मी कोटाची बाही पिळली.

दुपारी पाहुणे आमच्याकडे जेवले. बाईंनी सोलकढीची कृती लिहून घेतली. मला वाटलं, झालं काम.

दोन महिन्यांनी पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. इथला छोटा व्यापार पाहून आनंद वाटला, तो सुरक्षित हातांत आहे, नवी पिढी तो आपणहून पुढे नेत आहे, तेव्हा आमच्या मदतीची गरज इथे उरलेली नाही, ती जास्त अडचणीत असलेल्या ठिकाणी वळवत आहोत. खाली अहवाल जोडला होता. त्यात मासेवालीचा फोटो होता आणि फोटोखाली माझी वाक्यं तिच्या नावावर छापली होती.

मी सोयरीक समजत होतो. ते दवाखाना उघडायला जागा शोधत होते आणि मी त्यांना सांगून टाकलं की इथे कोणी आजारीच नाही.

त्याच दिवशी मी बाईंना खरं काय ते लिहिलं. मासेवाली मूळ काय म्हणाली, मी काय सांगितलं, सगळं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. दोन दिवसांत उत्तर आलं. बाईंनी माझ्या प्रामाणिकपणाचे आभार मानले होते. पण पैसे दुसऱ्या देशाला देऊन झाले होते, निर्णय बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. शेवटी जेवणाची आठवण काढली होती.

कोर्स बंद झाला. प्राचार्यांनी कोर्सचा फलक उतरवून जिन्याखाली ठेवला. मुलीला मी एवढंच सांगितलं की तिकडून नकार आला. तिने विचारलं, ‘‘सर, माझं काही चुकलं का?’’ मी नाही म्हटलं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या आणि बाजार भरला. मी पिशवी घेऊन गेलो, आपल्या साध्या शर्टात. मासेवाली म्हणाली, चेडू गोव्यात कामाला लागलं. मावशीकडे हद्दीजवळ दोडामार्गला राहतं, रोज बसने एका मोठ्या सुपरमार्केटात जातं, बिलाच्या मशीनवर उभं राहतं.

‘‘थंय मासे पिशयेत भरून थिजवून ठेवतत,’’ ती म्हणाली. ‘‘आपल्याच दर्यातले. गिऱ्हाइकाक वास येवक नको म्हणान. चेडू म्हणता, आये, दिवसभर पाय दुखतत, पण बसाक गावणा नाय.’’

पासपोर्टचं मी विचारलं नाही. तिने बांगडे मोजले आणि नेहमीसारखा एक वर टाकला. मी नको म्हटलं तर म्हणाली, असांदे, मास्तरानु, तुमी चेडवासाठी खूप केलास.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती मागच्या दारी आदाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, बांगडे चिरत होती. मी म्हटलं, उद्या जातो आणि तिला काय झालं ते सांगून टाकतो. मला हे सहन होत नाही.

बायकोने मान वर केली नाही.

‘‘सांगून तुमका बरा वाटात,’’ ती म्हणाली. ‘‘तिका काय? तिका वाटता, चेडवाचा नशीब. नशिबाक शिव्या घालून ती बिचारी गप झाली. आता तुमच्या नावान तिका परत पयल्यापासून सुरू करूक लावतलास?’’