बेटावरचा पाळणा आणि मी

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ऐकताना सांडेल! असा गाढवपणा मी पुन्हा कधी केला नाही.

भोरजवळ धरणाच्या पाण्यात एक बेट आहे. माझ्या लहानपणी तिथं कुणीतरी हौसेनं पार्क काढलं, आणि मी जायच्या आत ते बंदही पडलं! काठावरून त्याचा आकाशपाळणा तेवढा दिसायचा. त्याच्यावर मी कथा लिहिल्या, एक कादंबरी अर्धी सोडली. शेवटी बायको वैतागली, "एकदाचे जाऊन बसा त्यात!"

गेलो. होडीवाल्या दगडूमामांनी सोडलं. "दुपारी न्याया येतो. कशाला हात लावू नगा, समदं गंजलंय."

जवळून बघतो तर काय, आभाळाला टेकलेला माझा पाळणा जेमतेम दोन माणसं उंच! भोवती पोहत आलेल्या म्हशी. तरी चपला, मोबाईल खाली ठेवून त्याच्या खालच्या खुर्चीत बसलो. देवळात शिरावं तसा!

डोळे मिटले, तोच एका म्हशीनं शेजारच्या खुर्चीला पाठ घासली. कर्रर्र! चाक फिरलं, मी वर गेलो आणि तिथंच अडकलो. म्हैस गेली निघून!

उडी मारू? छे हो! दोन्ही हात हलवून ओरडलो, "वाचवाऽऽ!" काठावरच्या बायकांनी उलट हात हलवले. मी जोरात, तर त्या त्याहून जोरात!

जरा वेळानं होडी भरून माणसं आली. पोरं पावडर लावून तयार. पुढं काठावरच्या गावच्या सखूआत्या.

"दगडू, पार्क खरंच चालू झालं व्हय रं?"

"मग! हे सायेब कवाधरनं हात करून बोलावत्यात की!"

"अहो, मी अडकलोय!"

"अडकलाय कशाचं? उतरू वाटंना तुमास्नी," आत्या कडाडल्या. "लेकरं खोळंबल्यात. उतरा!"

"तेच म्हणतोय, उतरवा मला!"

चौघांनी चाक ढकललं. खाली आलो. पाणी हवंय का, असं विचारणं लांबच. समोर रांग लागलेली!

"करा चालू," आत्या म्हणाल्या.

"मोटार बंद आहे हो!"

"हात हायत न्हवं?"

ऊन कलेपर्यंत मी पाळणा ढकलत होतो. शेवटी आत्या स्वतः बसल्या, दोन फेऱ्या मारून उतरल्या.

"एरवी काय करता तुमी?"

"लेखक आहे. पुस्तकं लिहितो."

त्यांनी माझ्या तळहातांवरचे फोड बघितले.

"असूं द्या," त्या मायेनं म्हणाल्या, "हे काम मातुर झ्याक जमतंय तुमाला!"