झेलीने निवडलेला चाकू

ओब्राकच्या पठारावर धन्याने खिशातला चाकू मिटला की जेवण संपलं. ताटात काही का उरेना, सगळ्यांनी उठायचं. अंतोनॅ ब्रेव्हिए हा असला धनी. धनी कसला, कसाईच मेला! बायको फिलोमेन सगळ्यांना वाढून शेवटी टेकायची, आणि तिने सूपचा पहिला घोट घेतला की हा हटकून खटकन चाकू मिटायचा. एकदा ती उठली नाही, तर त्याने तिचं तोंड टेबलावर आपटलं. पुढचे दात गेले. मुलगी झेली हे बघत, गुरं राखत आणि पट्ट्याचा मार खात मोठी झाली.

गोठ्यात आई भुकेने भोवळ येऊन पडली, तेव्हा झेलीने चाकूंसाठी नावाजलेल्या लायोल गावची जत्रा गाठली. पोरीला चाकू कशाला, म्हणून दुकानदार हसला, आणि सफरचंद सोलायला म्हणून एक नाजूक, नक्षीदार चाकू त्याने पुढे केला. तिने तो बाजूला सारला. एकेक चाकू उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. जरा हललं की परत. मग पात्याची पाठ फळीवर दाबायची. स्प्रिंग ढिली असली की पातं लगेच मिटायचं.

"एवढा टणक कशाला हवा तुला?"

"आमच्या घरी मिटायची फार घाई असते," ती म्हणाली, आणि सगळ्यांत टणक होता तो घेतला.

रविवारी बापाने चाकू मिटला. शेतावरचा गडी उठला. आईही उठू लागली.

"बस आई. माझा अजून उघडा आहे."

बापाने लाथ घातली ती आईच्याच खुर्चीला. आई तोंडावर आपटली. झेली मध्ये आली, तसा त्याने चाकू उघडून टेबलावर टेकलेल्या तिच्या हातावर घातला. नेम चुकला, टोक लाकडात रुतलं. आजोबांच्या वेळचा चाकू, स्प्रिंग कधीच गेलेली. पातं उलटून त्याच्याच बोटांवर मिटलं. दोन बोटं हाडापर्यंत कापली. गुरासारखा हंबरला. बरं झालं!

गड्याने त्याला डॉक्टरकडे न्यायला उचललं. रक्त टेबलावरून खाली गळत होतं.

"ऊठ गं, गाडी जुंप," बाप दारातून बायकोवर ओरडला.

फिलोमेनने फाटलेला ओठ पुसला. खुर्ची उभी करून बसली. लेकीच्या हातातला चाकू घेतला आणि ताटातल्या मांसाचा मोठा तुकडा कापला.

"जेवते आधी," ती म्हणाली.