दोर न बांधता काठमांडू

जुन्या गाड्यांच्या क्लबात किस्से साठायला वेळ लागत नाही. नवी गाडी माणसाला ठिकाणावर पोचवते. जुनी गाडी मध्येच कुठेतरी उतरवते, आणि उतरलेली माणसं मग बोलत बसतात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मागच्या सीटवर चिवड्याच्या डब्याशेजारी बसून मला सगळं ऐकू येतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा क्लब नागपूरहून मोटारीने काठमांडूला जाऊन आला. क्लब म्हणजे तीन गाड्या. तेव्हापासून घरी पाहुणे आले की बाबा सांगायला लागतात आणि आई त्यांना दुरुस्त करते. पाहुण्यांचा चहा गार होतो. त्यापेक्षा लिहून काढलेलं बरं.

*

आधी अट सांगते.

बाबा कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. त्यांची गाडी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी आहे. एका मळ्यात तिच्यात कोंबड्या राहत होत्या. बाबांनी कोंबड्या काढून तिला घरी आणली आणि पुढचे सगळे रविवार तिच्याखाली झोपून काढले.

पावसाळ्यात एकदा ती सीताबर्डीच्या चौकात बंद पडली. क्लबचे अध्यक्ष वकीलकाका यांनी आपल्या गाडीला दोर बांधून आम्हाला घरापर्यंत ओढत नेलं. आई माझ्याच शाळेत भूगोल शिकवते. बसस्टॉपवर तिच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. त्यांनी एका सुरात म्हटलं, "नमस्ते बाई!" आईने ओढल्या जाणाऱ्या गाडीतून नमस्कार केला. मी सीटखाली काहीतरी शोधत होते.

घरी येऊन आई पाणी प्यायली आणि म्हणाली, "काठमांडूला जाऊ. पण वाटेत या गाडीला एकदा जरी दोर बांधला, तर परत आल्यावर गाडी विकायची. वकीलसाहेब, तुम्ही साक्षीदार."

बाबांनी लगेच कबूल केलं. वाद घालण्यासारखी परिस्थिती नव्हती. दोर अजून सुटायचा होता!

*

तिसरी गाडी गुलाबरावांची. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, पण बोलणं अजून उमरेडचं. निघायच्या दिवशी सकाळी तिन्ही गाड्यांना झेंडूचे हार घातले. ते पाहून कोपऱ्यावरच्या पानवाल्याने विचारलं, "कोणाची वरात हाय गा?"

"वरात नाही," गुलाबराव छाती काढून म्हणाले, "आम्ही नेपाळले जाऊन राहिलो!"

पानवाल्याने तिन्ही गाड्या पाहिल्या. आमची जरा जास्त वेळ पाहिली.

"पयले कामठी तं गाठा!"

नागपूरला लागूनच असलेली कामठी आम्ही जेवणाच्या वेळेला गाठली.

*

वकीलकाकांची गाडी लांब, काळी. तिच्यात बसलं की माणूस आपोआप गंभीर होतो. ती कधी बंद पडत नाही, हे ते स्वतःच सांगतात. डिकीत काथ्याचा जाड दोर. दुसरी कुठली गाडी थांबलेली दिसली की ते दोर खांद्यावर टाकून चालत येतात. घाई अजिबात नसते.

बाबांनी यावर उपाय काढला. आमची गाडी खोकायला लागली की ते तिला झाडाखाली घ्यायचे आणि म्हणायचे, "डबा उघड!" वकीलकाका दोर घेऊन पोचेपर्यंत आई, मी आणि बाबा सतरंजीवर बसून पोहे खात असायचो.

"बिघाड?"

"छे, नाश्ता!"

जबलपूर यायच्या आत आमचे पाच नाश्ते झाले. पाचव्याला मला घास गिळवेना. बाबा कुजबुजले, "चावल्यासारखं तरी कर."

गुलाबराव हे सगळं लांबून पाहत होते. शेवटी न राहवून ते आईजवळ आले. "वयनी, राग मानू नका. तुमच्या घरी रोजच एवढं खाते काय?"

*

रीव्याच्या अलीकडे पोहे संपले आणि गाडी थांबली.

समोर एक आखाडा होता. लंगोट लावलेली पंधरावीस पोरं मातीत घुमत होती. बाबांनी उस्तादांना हात जोडले. उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला आणि पोरांच्या दोन तुकड्या केल्या. पहिल्या तुकडीने असा धक्का दिला की गाडी एका झटक्यात सुरू झाली. आईने माझ्याकडे पाहिलं. धक्का म्हणजे दोर नव्हे, हे तिने मान्य केलं होतं.

बाबा आभार मानायला उतरले. उस्ताद नाराज दिसत होते.

"गाड़ी बंद कर दीजिए. आधे लड़के बाकी हैं!"

*

रक्सौलला सरहद्दीवर कस्टमच्या साहेबांनी कागद पाहिले. गाडी परदेशात नेताना ती परत आणण्याची हमी द्यावी लागते. साहेबांनी वकीलकाकांच्या कागदांवर शिक्का मारला, गुलाबरावांच्या कागदांवर मारला, आणि आमच्या गाडीपाशी हात वरच थांबला. तेवढ्यात तिच्या खालून काहीतरी गळलं.

"प्रोफेसरसाहब, आप लौटेंगे, यह तो मान लिया," ते म्हणाले. "गाड़ी लौटेगी?"

"लौटेगी!"

हे उत्तर आईने दिलं. बाबांनी तोंड नुसतंच उघडलं होतं. शिक्का बसला आणि गाडी निघाली. आई खिडकीबाहेर पाहत होती, भूगोलाचा पेपर तपासताना पाहते तशी.

*

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. आईने हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. वकीलकाकांना कोणीच सांगितलं नव्हतं.

बीरगंजला जेवून ते आपल्या घड्याळाप्रमाणे बरोबर दोन वाजता गाडीपाशी आले, तर गुलाबराव स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवत होते. त्यांनी आपलं घड्याळ खानावळीत लावून घेतलं होतं.

"अध्यक्षसाहेब, लेट!"

वकीलकाकांना क्लबात आजवर कोणी लेट म्हटलं नव्हतं. ते गाडीत बसले आणि पुढचा तासभर त्यांनी कोणालाही पुढे जाऊ दिलं नाही.

*

हेटौड्यानंतर घाट लागला. आमच्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते. तिथून पेट्रोल आपलं आपण वाहत इंजिनात जातं. चढ फार असला की इंजिन वर, टाकी खाली. पेट्रोल जागचं हलत नाही. बाबांनी हे आम्हाला रस्त्यात उभं राहून, हातवारे करून समजावलं. मग टाकी वर राहावी म्हणून गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये घाट चढायला सुरुवात केली. मी मागच्या काचेतून रस्ता सांगत होते. इतकं मी एरवी महिनाभरात बोलत नाही.

एका वळणावर वरून ट्रक आला. ड्रायव्हरला आमची पाठ दिसली. आपल्या पुढे कोणीतरी हळूहळू उतरतंय असं समजून त्याने हॉर्न वाजवला. आम्ही लांब जाण्याऐवजी जवळ येत गेलो. त्याने पुन्हा हॉर्न वाजवला. आम्ही आणखी जवळ आलो.

मग त्याने ट्रक कडेला घेतला, खाली उतरला, आणि आम्ही पूर्ण जाईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

*

माथा एका वळणावर राहिला असताना वकीलकाकांची गाडी रस्त्याच्या मधोमध दिसली. बॉनेट उघडं, आणि आतून वाफ. गुलाबराव चहा सांगायला कधीच वर गेले होते. वकीलकाकांनी दोर काढला होता, पण तो खांद्यावर नव्हता. पाठीमागे धरला होता.

आम्ही उलटे उलटे त्यांना ओलांडून थांबलो. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक.

"प्रोफेसर," वकीलकाका म्हणाले, "जरा वरपर्यंत."

बाबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "दोर बांधता येणार नाही. अट आहे. तुम्हीच साक्षीदार आहात."

"अहो, पण इथे तुम्ही ओढणार! तुम्हाला कोण ओढतंय?"

"दोराचं एक टोक आमच्याच गाडीला ना?"

वकीलकाकांनी दोराची दोन्ही टोकं पाहिली. ऊन उतरत होतं. गाडी थरथरत होती, आणि बाबांनी एक हात तिच्या दारावर ठेवला होता.

आई उतरली. तिने वकीलकाकांच्या हातातून दोर घेतला. एक टोक त्यांच्या गाडीला बांधलं, दुसरं आमच्या. गाठ ओढून पाहिली.

"अगं, अट..." बाबा म्हणाले.

"माहीत आहे. गाडी काढा."

आम्ही दोघी कडेने चालत निघालो. बाबा उलटे चढत होते, वकीलकाका सुलटे. मध्ये चार हातांचा दोर. दोघांच्या काचा समोरासमोर असल्यामुळे एकमेकांकडे पाहण्यावाचून इलाज नव्हता. शेवटी वकीलकाकांनी नमस्कार केला.

माथ्यावर गुलाबराव चहाचा ग्लास घेऊन उभे होते. तो ग्लास तसाच राहिला.

"वयनी! अध्यक्षायले बांधून आणलं काय?"

कोणी हसलं नाही. मग त्यांचं लक्ष दोराच्या दुसऱ्या टोकाकडे गेलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे आता गाडी विकाची?"

समोर हिमालयाची सगळी रांग दिसत होती. ती पाहायला आम्ही इतक्या लांब आलो होतो. सगळे आईकडे पाहत होते.

"हो," आई म्हणाली. "ठरलं ते ठरलं."

बाबांनी स्टिअरिंगवरची धूळ रुमालाने पुसली. पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"कोणाला विकायची?" त्यांनी विचारलं.

"मला. मी घेतली." आईने पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "सरका तिकडे."

पुढे काठमांडूपर्यंत बराचसा उतार होता. आईला गाडी चालवता येत नव्हती.

बाबा सरकले.