पाच टिकल्या आणि दोन ओढे

आमच्या गावात पोरीचं लग्न जमायला लागलं की बाप नवऱ्याचं घर बघायचा, मामा बैल बघायचा आणि तातेराव तिथल्या ओढ्यात उतरून दगड उलटे करायचा. पाहुण्यांचा चहा निवून जायचा, बैठक खोळंबायची, आणि आमचा माणूस धोतर गुडघ्यावर खोचून पाण्यात वाकलेला. नवरदेवाकडच्यांना वाटायचं, याचं काहीतरी हरवलंय.

तो टिकली शोधायचा. टिकली म्हणजे एका तिळाएवढ्या काळ्या भुंग्याचं पिल्लू. वाहत्या पाण्यात दगडाच्या पोटाला चिकटून असतं. चपटं, गोल, तांबूस; दगडाला कुणी कुंकवाची टिकली लावावी तसं. नखानं उचकटून उताणं केलं की मगच त्याचे सहा पाय दिसतात. पुरतं वाढायला त्याला वर्ष लागतं, आणि ओढा आटला की ते मरतं. म्हणजे मोठी टिकली सापडली की समजायचं, गेल्या उन्हाळ्यातही इथं पाणी वाहत होतं.

"सोयरा बारमाही पाणी सांगतो," तातेराव म्हणायचा. "सांगू द्या. टिकलीला काय पोरगं उजवायचं न्हाई."

या परीक्षेत त्यानं पुष्कळ चांगली स्थळं नापास केली. पोरांचे बाप त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्याच रागिणीचं लग्न निघालं. बायको यशोदाबाई आमच्या कोरड्या ओढ्यात झिरे उकरून वाटी-वाटीनं पाणी भरता भरता गेली होती. घरात बाप-लेक दोघंच. स्थळं दोन आली. एक खडकवाडीचं, आमच्या शिवाराला लागून. तातेरावाच्या अंगणातून तिथल्या चुलीचा धूर दिसावा इतकं जवळ. दुसरं झरेगावचं, पार डोंगराकडं, दोन एसट्या बदलून.

"जवळ द्या भाऊ," शेजारची भिकाबाई म्हणाली. "म्हातारपणी गरम भाकर तरी भेटंल. तुमाला सैपाक येतो का? परवाची खिचडी आमच्या कुत्र्यानं हुंगून सोडली."

तातेरावालाही जवळच द्यायची होती. खडकवाडीच्या ओढ्यावर तो तीनदा गेला. पाणी होतं, दगड होते, टिकली नव्हती. झरेगावात पहिल्याच दगडाखाली पाच निघाल्या.

त्यानंतर एका सकाळी तो मला म्हणाला, "चला, खडकवाडीचा ओढा पुन्हा बघू." गेलो. त्यानं सरळ एका दगडाला हात घातला, उलटा केला. पाच टिकल्या!

"झालं की मग," मी म्हणालो. "फोडा सुपारी."

तो दगड मांडीवर घेऊन बसून राहिला. मग म्हणाला, "ह्या मीच काल आणून सोडल्या. झरेगावाहून. डब्यात, वल्ल्या फडक्यात गुंडाळून."

हसावं म्हणून मी तोंड उघडलं होतं; ते तसंच मिटलं.

त्यानं पाचही टिकल्या डब्यात घातल्या आणि दोन एसट्या बदलून पुन्हा झरेगावला गेला. पाच किडे घरी पोचवायला गेलेला माणूस, येताना लेकीचं लग्न ठरवून आला.

पुढं घरात तो एकटा. भाकर थापायचा ती गोल सोडून बाकी सगळ्या आकारांची व्हायची. कुणी स्थळ बघायला जाताना बोलावलं की खुलायचा, पण बोलावणी कमी होत गेली. दोन हजार तीनला खडकवाडीत दारोदार नळ आले, आणि लोकांना दिवाळीआधीच फटाका सापडला.

"काय तातेराव, नळाला टिकली लागते का हो?"

तोही हसला. मग खडकवाडीला जाऊन एका परक्या घरासमोर उभा राहिला आणि वाहणारा नळ बघून आला. दुसऱ्या दिवशी त्यानं झरेगावसाठी एसटी धरली.

लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. रागिणीला अजून मूल नव्हतं. त्यामुळं तातेराव पाच वर्षं स्वतःची बाटली घेऊन जायचा आणि दुपारच्या गाडीनं परत यायचा. त्या दिवशी मात्र तो शेवटच्या गाडीनं उतरला. बाटली काठोकाठ भरलेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"वढ्यावरच भेटली. म्या इचारलं, तुला लांब देऊन चुकलो का? ती पाण्यात उतरली, दगड उलटा केला, म्हणली, आबा, सात हाईत. अन् दगड जसा व्हता तसा ठिवला. बराबर ठिवला."

"आणि हे पाणी? रीत मोडली का?"

"काहून मोडंल?" तो भडकला. "वढा काय तिच्या सासऱ्याचा हाय?"

मग ती बाटली त्यानं यशोदाबाईच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. आठवडाभर पुरवली. रोज जेवणानंतर, त्या वाकड्या भाकरीवर, वाटीभर पाणी.