ऐनाच्या उतारावरचा पाला

सूर्यमाळच्या वाटेवर, आमच्या पाड्याच्या वर, ऐनाचं दाट रान होतं. आज तिथे वाळलेले शेंडे आणि मुरूम उरलाय. माझ्या वहिनीने मोळ्या विकून ते संपवलं, असं पाड्यात अजून बोलतात. हे खोटं माझ्या तोंडून निघालं.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकण्याआधी आमच्याकडे राब भाजतात. वाफ्यावर पाला आणि शेण पसरून जाळायचं, त्या राखेत रोप जोमाने येतं. बाकीचे लोक फांद्या छाटून डोक्यावरून आणत. मी जव्हारला मास्तर, हातात पगार. दर फाल्गुनात मजूर लावून मी उतारावरचा पाला माती उघडी पडेपर्यंत झाडून गाडीने आणायचो. माझं रोप सर्वांत हिरवं असायचं. लोक बघायला यायचे, आणि मला ते आवडायचं.

तोच पाला कुजून झाडांना पोसतो, पाऊस गेल्यावर मातीत ओल धरतो, हे मी वर्गात शिकवत होतो. काही वर्षांनी पालवी बारीक, पिवळी येऊ लागली. मग एका कडक उन्हाळ्यात शेंडे वाळले. समोरच्या कड्यावरही तेच ऊन होतं, पण तिथे गाडी चढत नव्हती. तिथले ऐन तगले.

पाड्याची बैठक बसली. एकाने मला विचारलं, "गुरुजी, तुमी शिकलेले. रान कशाने गेला?"

भाऊ वारल्यापासून वहिनी पडलेली लाकडं मोखाड्याला विकून मुलीला वाढवत होती. ती समोरच बसली होती.

मी म्हणालो, "ऊन आहेच. पण तोडही झाली."

सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "भाऊजी, मी ओलं लाकूड कधी आणलं? सांगा ना यांना."

मी चष्मा पुसत राहिलो.

तिला रानात जायची बंदी झाली. मुलीला घेऊन ती भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली आणि तिथेच तापाने गेली.

कित्येक वर्षांनी, यंदा, पुतणीकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता, काका? जिथे बोललात तिथे बोला."

ती माझ्याबरोबर पाड्यावर आली. मी बोललो. त्या बैठकीतले बहुतेक लोक आता नाहीत. ज्याने प्रश्न विचारला होता त्याला ऐकू येत नाही. तरुण पोरांनी मान डोलावली आणि पाण्याचा टँकर कधी येणार, यावर बोलणं सुरू केलं. पुतणी एसटीच्या थांब्याकडे निघाली.