चाळीस पिना आणि एक सही

आमच्या पल्लवीताईनं अजून विमानात पाय ठेवलेला नाय. पण विमानाच्या दाराची पिन मोजायला घेतली, की केसाहून बारीक चूक ती पकडते. मुरबाडच्या एमआयडीसीत एक कारखाना आहे, तिथल्या मोजमापाच्या खोलीत ती बारा वर्षं काम करते. मी तिचा धाकटा भाऊ अनिकेत, मुरबाड-कल्याण जीप मारतो. मीही शिकलो असतो तर... जाऊ द्या, तो विषय नको.

आमच्या वैशाखऱ्यातून मशीनचा डिप्लोमा करणारी ती पहिली मुलगी. पुढं डिग्रीला जायचं जमलं नाय. मग तिला कुठूनतरी कळलं, की विमानाच्या इंजिनिअरांची देशभरची एक सोसायटी असते. घरी अभ्यास करून तिची परीक्षा देता येते, आणि पास झालं की ते लोक आपल्याला त्यांच्यातलं मानतात. आमचे बाबा, केरू, म्हणाले, "सोसायटी? खताची?" ताई एवढी चिडली की दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाय.

सात वर्षं लागली हो! नोकरी, स्वयंपाक, आईचं दुखणं, आणि वर ते हवेचे दाब न् पंखांचे आकार. दोनदा नापास झाली. आळीतल्या बाया म्हणायच्या, "लगीन कर गो, काय त्या विमानाच्या मागं लागलीस!" मीच एकदा वैतागून पुस्तकं माळ्यावर फेकली होती, तेव्हा तिनं माझा जो उद्धार केला तो इथं सांगण्यासारखा नाय. शेवटी गेल्या वर्षी सगळे पेपर सुटले.

उरली एक सही. सभासद व्हायच्या अर्जावर जुन्या सभासदानं लिहून द्यायचं असतं, की या व्यक्तीला मी ओळखतो, हिच्या कामाची खात्री देतो. आता आमच्याकडे विमानाचा इंजिनिअर आणायचा कुठून? पण शहापूरला भगीरथ गायकर सर राहतात, विमानांचे रिटायर झालेले इंजिनिअर, सोसायटीचे जुने सभासद. चार वर्षांपूर्वी सोसायटीतर्फे तिथल्या एका कॉलेजात भाषण द्यायला आले होते. ताई ऐकायला गेली होती, तेव्हापासून कुठं अडलं की त्यांनाच फोन करायची. त्यांनी रविवारी सहीला बोलावलं.

आणि शनिवारी आम्ही माती खाल्ली. आम्ही म्हणजे मीच.

मोजायची खोली बारा महिने गार ठेवतात. मे महिन्यात मशीनवरून आलेली पिन तापलेली असते, आणि तापलेलं लोखंड फुगतं. म्हणून पिना त्या खोलीत चार तास नुसत्या ठेवायच्या, मग मोजायच्या. त्या दिवशी चाळीस पिना उशिरा आल्या. मी गेटवर गावाकडं जायची जीप भरून उभा, माणसं शिव्या घालतायत, आणि मी हॉर्नवर हॉर्न. ताईनं तासाभरातच पिना मोजल्या, सगळ्या बरोबर भरल्या, सही केली आणि धावत आली. पिनांचा डबा बंगळूरला, विमान बनवणाऱ्यांकडं, रवाना झाला.

सरळगावला ती म्हणाली, "अनिकेत, पिना गरम होत्या रे. थंड झाल्यावर बारीक होतील. ढिल्या बसतील."

"तू म्हणतेस ते खरं असंल," मी म्हटलं, "पण उद्या सही घे, सोमवारी काय ते बोल. सात वर्षं घालवलीस तू, ताई!" ती पिशवीतला अर्ज काढून बघायला लागली. मला वाटलं, पटलं.

कसलं पटलं! रविवारी सरांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं, आणि ही बया म्हणाली, "सर, थांबा." सगळं सांगून टाकलं. माझा हॉर्न तेवढा सांगितला नाय. सरांनी टोपण परत लावलं. "उद्या पहिल्यांदा कारखान्यात लेखी दे," ते म्हणाले. "सहीचं काय ते डबा परत आल्यावर बघू."

येताना मी सरांना मनातल्या मनात काय काय म्हटलं! स्वतःला त्याहून जास्त. एक हॉर्न कमी वाजवला असता तर काय बिघडलं असतं माझं?

सोमवारी तिनं लिहून दिलं. साहेब भडकले, पण डबा परत मागवला. बारा दिवस ताई धड जेवली नाय. कुणी त्यातली एखादी पिन दारात बसवली असली तर, एवढंच तिच्या डोक्यात. तेराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, आवाज फाटलेला. "दोन ढिल्या निघाल्या रे! पण सील तसंच होतं! कुठंच बसवल्या नव्हत्या!" मी जीप थांबवून खाली उतरलो आणि उगाच टायरला लाथ मारली. पॅसेंजरना वाटलं, पंक्चर.

त्या रविवारी पुन्हा शहापूर. सरांनी कारखान्याचा कागद वाचला. "चूक कोणाची लिहिलीय?"

"माझी," ताई म्हणाली.

"तिची नाय सर, हॉर्न मी वाजवत होतो," मी मध्येच बोललो.

सर हसले. "सही कोणाची होती? मग चूकही तिचीच." आणि त्यांनी अर्ज पुढं ओढला. मला राहवलं नाय. मी विचारलं, "सर, खरं बोलली तेव्हाच का नाय केली सही? बारा दिवस जीव टांगणीला लागला तिचा."

"पिना हवेत आहेत की डब्यात, हे कळल्याशिवाय कसली सही?" सर लिहिता लिहिता म्हणाले. "सोसायटी परीक्षा घेते, भाषणं ठेवते, अंक काढते, ते सगळं ठीक. पण विमानात बसलेल्या माणसाला पिन कोणी मोजली हे ठाऊक नसतं. त्याच्या वतीनं कोणीतरी विचारायला हवं ना?"

किन्हवलीला चहाला थांबलो, तेव्हा ताईनं अर्ज माझ्यापुढं धरला. एका रकान्यात विचारलं होतं, अर्जदाराला केव्हापासून ओळखता? चार वर्षांची ओळख होती त्यांची. सरांनी तिथं तारीख घातली होती, ताईनं "थांबा" म्हटलं त्या रविवारची.